बर्बन खरी कधी म्हणायची? लेबलवरच्या शब्दांचा अर्थ सांगा

पार्ल्याचा_पेग (धागाकर्ता)

मंडळी, घरगुती टेस्टिंगसाठी चार बाटल्या जमवल्या आहेत आणि चारही लेबलं वेगवेगळं बोलतात.

पहिली: "केंटकी स्ट्रेट बर्बन व्हिस्की", ८० प्रूफ.
दुसरी: "टेनेसी व्हिस्की". बर्बन हा शब्द कुठेच नाही, पण वाइन शॉपवाला म्हणतो "तेच आहे ते".
तिसरी: बर्बन लिहिलंय, पण जोडीला मध. ३५ टक्के.
चौथी: गोव्याची सिंगल माल्ट, तिच्यावर "बर्बन कास्क".

यातली कायद्याने बर्बन कुठली? केंटकीबाहेर बनली तर चालते का? आणि आपल्या देशी खंब्यावर ७५ डिग्री प्रूफ असतं, मग ८० प्रूफवाली जास्त कडक समजायची का? शेवटचं म्हणजे, विकत घेताना बाटली अस्सल आहे हे कसं ओळखायचं, तेही सांगा.

---

मका_नि_ओक

चारपैकी बिनशर्त बर्बन फक्त पहिली. दुसरी अगदी दारात उभी आहे, तिच्याबद्दल खाली कोणीतरी लिहीलच. तिसरी बर्बनपासून केलेलं दुसरं काहीतरी. चौथीचा बर्बनशी संबंध फक्त लाकडापुरता.

चवीवरून वाद घालायची गरज नाही, कारण व्याख्या अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत आकड्यांसकट दिलेली आहे. धान्यापासून सुरुवात करतो.

मॅशमध्ये, म्हणजे आंबवायच्या धान्यात, मका किमान ५१ टक्के हवा. ही खालची मर्यादा. प्रत्यक्षात बहुतेक डिस्टिलऱ्या ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास असतात. उरलेल्यात राय (गव्हासारखंच एक धान्य) किंवा गहू, आणि थोडा मोड आणून वाळवलेला सातू, म्हणजे बार्ली. मेकर्स मार्क या ब्रँडचं प्रमाण ७० मका, १६ गहू, १४ सातू. फोर रोझेस या ब्रँडकडे दोन प्रमाणं आहेत: एकात ७५ मका, २० राय, ५ सातू, दुसऱ्यात ६० मका, ३५ राय, ५ सातू. राय वाढली की मिरी-लवंगेसारखा तिखटपणा येतो, गहू घातला की घोट मऊ होतो. पहिल्या बाटलीत गहू आहे की राय हे शोधून ठेवा, टेस्टिंगला उपयोगी पडेल.

सातू चवीपेक्षा कामासाठी असतो. मक्यात साखर नसते, स्टार्च असतो, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. मोड आलेल्या सातूतली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. म्हणून आधी मका उकळीच्या जवळपास शिजवतात, मग तापमान उतरवत राय घालतात, आणि सगळ्यात शेवटी ६३ ते ६५ अंशांवर सातू. इथे घाई करून सातू गरम मॅशमध्ये टाकला तर एन्झाइम्स मरतात आणि हातात उरतं ते पिठलं. गोडी नाही, म्हणजे पुढे मद्यार्कही नाही. सगळं नीट जमलं तर तीन ते पाच दिवसांत साधारण ८ ते १० टक्क्यांची आंबट बिअर तयार होते.

पुढे भट्टी. उतरणारा मद्यार्क ८० टक्क्यांच्या वर गेलेला चालत नाही. ही अट फार मोलाची आहे. जितकं शुद्ध ऊर्ध्वपातन, तितका धान्याचा वास मागे सुटतो. आपल्याकडे मळीपासून काढतात ते न्यूट्रल अल्कोहोल ९६ टक्क्यांच्या आसपास असतं. त्यात मूळ कच्च्या मालाची चव जवळजवळ शून्य, म्हणूनच त्याला न्यूट्रल म्हणतात. बर्बनवाले सहसा ६५ ते ७० टक्क्यांवरच थांबतात.

पिंपात भरताना ताकद जास्तीत जास्त ६२.५ टक्के. १९६२ च्या आधी ही मर्यादा ५५ टक्के होती. मेकर्स मार्क आजही ५५ वरच भरतात. पाणी जास्त असलं की लाकडातली साखर जास्त विरघळते, पण पिंपंही जास्त लागतात, म्हणजे खर्च वाढतो.

पिंपाच्या तीन अटी: ओकचं हवं, आतून जाळलेलं हवं, आणि कोरं हवं. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही. तुमच्या चौथ्या बाटलीचं उत्तर इथेच आहे.

बाटलीत भरताना किमान ४० टक्के, आणि ताकद उतरवायला फक्त पाणी. रंग नाही, एसेन्स नाही, साखर नाही. स्कॉचला रंगासाठी कॅरॅमल घालायची मुभा आहे, बर्बनला तीही नाही. ग्लासात दिसतो तो सगळा रंग लाकडाचा.

---

दादर_टीटी

एवढं कशाला? केंटकीत बनली आणि आठ वर्षं मुरली की बर्बन. बाकी सगळ्या नकला.

---

खडूस_ग्राहक

दादर_टीटी, दोन्ही चूक.

केंटकीची अट नाही. अमेरिकेत कुठेही बनवा, टेक्ससमध्ये, न्यूयॉर्कमध्ये, इंडियानात, नियम पाळले तर ती बर्बनच. इंडियानातल्या लॉरेन्सबर्गच्या एका मोठ्या डिस्टिलरीचा माल घेऊन कित्येक ब्रँड आपापली लेबलं लावतात. अमेरिकेबाहेर बनली तर मात्र नाही. १९६४ साली त्यांच्या काँग्रेसने ठरावच केला की बर्बन हे अमेरिकेचं वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन. बहुतेक बर्बन केंटकीत बनते हे खरं, आणि लेबलवर "केंटकी" लिहायचं असेल तर तिथेच गाळून किमान एक वर्ष तिथेच मुरवावी लागते. पण ती "केंटकी" या शब्दाची अट झाली, बर्बनची नव्हे.

वयाचं तर गंमतच आहे. नुसत्या "बर्बन"ला किमान वय नाहीच. कोऱ्या जळक्या ओकमध्ये गेली की झाली. वय लागतं ते "स्ट्रेट" या शब्दाला: किमान दोन वर्षं. आणि स्ट्रेट चार वर्षांपेक्षा कमी मुरलेली असेल तर वय छापणं बंधनकारक. यातून ग्राहकाच्या कामाची गोष्ट निघते: "स्ट्रेट बर्बन" लिहिलंय आणि वय कुठेच नाही, तर आतला सगळ्यात तरुण थेंबही किमान चार वर्षांचा. वय छापलेलं असेल तर तेही सगळ्यात तरुण पिंपाचं असतं, सरासरी नसते.

"ब्लेंडेड बर्बन" दिसलं तर सावध. त्यात ५१ टक्के स्ट्रेट बर्बन असली तरी पुरते, उरलेलं न्यूट्रल स्पिरिटही असू शकतं. पैसे पूर्ण बर्बनचे मोजू नका.

आणि "बॉटल्ड इन बाँड" असेल तर डोळे झाकून घ्या. १८९७ चा कायदा आहे. तेव्हा दलाल लोक व्हिस्कीत वाट्टेल ते मिसळून विकत, त्यावर हा उतारा होता. एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामातला, म्हणजे जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबरमधला माल. सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं. बाटलीत बरोब्बर ५० टक्के. एवढी बारकाईची हमी मला दुसऱ्या कुठल्या लेबलवर दिसत नाही.

"डिस्टिल्ड बाय" आणि "बॉटल्ड बाय" यातला फरकही बघत जा. नुसतं "बॉटल्ड बाय" असेल तर माल बहुधा दुसऱ्याकडून आलाय. त्यात वाईट काही नाही, पण मग मागच्या लेबलवरची "आमच्या पणजोबांची गुप्त कृती" किती मनावर घ्यायची ते तुम्ही ठरवा.

---

परमिट_रूम_नं_७

प्रूफचा घोळ सगळ्यांचाच होतो. दोन वेगळ्या पट्ट्या आहेत.

अमेरिकन प्रूफ म्हणजे टक्के गुणिले दोन. ८० प्रूफ = ४० टक्के.
आपल्याकडची डिग्री ब्रिटिश पद्धतीची, साधारण टक्के गुणिले पावणेदोन. ७५ डिग्री = ४२.८ टक्के.

म्हणजे देशी खंबा किंचित कडक आणि ८० प्रूफची बर्बन किंचित हलकी. ५० टक्क्यांची बाँडवाली आपल्या पद्धतीने साडेसत्याऐंशी डिग्री होते. ती नेहमीच्या ६० च्या मापाने ओतू नका, ३०–४० पुरे.

सवय एकच लावा: प्रूफ सोडा, "% v/v" वाचा.

---

मका_नि_ओक

वरच्या "% v/v" ला मराठीत "टक्के घनफळाने" म्हटलं तरी चालेल, अर्थ तोच :)

टेनेसीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मीच लिहितो. दुसरी बाटली जॅक डॅनियल्स असणार. तिचं धान्य ८० मका, १२ सातू, ८ राय. पिंप कोरं, जाळलेलं. म्हणजे बर्बनच्या सगळ्या अटी पूर्ण. फरक एका टप्प्याचा: भट्टीतून उतरलेली कच्ची दारू पिंपात जाण्याआधी शुगर मेपल या झाडाच्या कोळशाच्या सुमारे दहा फुटी थरातून थेंबथेंब झिरपवतात. काही तेलकट, बोचरे घटक तिथेच अडकतात. याला लिंकन काउंटी प्रोसेस म्हणतात, आणि २०१३ पासून टेनेसीच्या राज्य कायद्यात ही अट आहे.

"कोळशातून गाळली म्हणून बर्बन राहत नाही" असं खूप जण ठासून सांगतात. केंद्रीय नियमात तसं काही नाही. गाळण्याने काही मिसळलं जात नाही. कंपनी बर्बन म्हणवून घेत नाही, ही तिची निवड. त्यामुळे तुमचा वाइन शॉपवाला पाऊणएक बरोबर.

तिसरी बाटली: मध घातला की ती फ्लेवर्ड किंवा लिक्युअर, म्हणजे गोड केलेली दारू. बर्बनची किमान ताकद ४० टक्के, तुमची ३५ वर आहे. तिथेच निकाल लागला. पोर्ट वाइनच्या पिंपात शेवटचे काही महिने ठेवलेल्या बाटल्याही मिळतात. त्यात आधी पूर्ण बर्बन बनलेली असते, पण लेबलवर "पोर्टच्या पिंपात फिनिश केलेली" हे सांगावंच लागतं. टेस्टिंगमध्ये अशा बाटलीला वेगळं ठेवा, नाहीतर मनुक्यांची गोडी बर्बनच्या नावावर खपते.

---

सोबो_सातू

चौथ्या बाटलीचं थोडक्यात: बर्बनवाल्यांना पिंप एकदाच वापरता येतं, त्यामुळे दरवर्षी रिकाम्या पिंपांचा ढीग बाहेर पडतो. तो स्कॉटलंडला जातो, रमवाल्यांकडे जातो, आणि आपल्या बंगलोर-गोव्याच्या सिंगल माल्टवाल्यांकडेही येतो. "बर्बन कास्क" म्हणजे ज्यात आधी बर्बन होती ते पिंप. आतली दारू १०० टक्के सातूची. व्हॅनिला आणि खोबऱ्याचा हलका वास लागेल, तो पिंपाचा. आपल्या उकाड्यात मुरते भराभर, पण उडतेही भराभर. केंटकीत वर्षाला चारेक टक्के उडत असेल तर इकडे त्याच्या दुप्पट किंवा जास्त. म्हणून देशी सिंगल माल्टवर १८ वर्षं लिहिलेली सहसा दिसत नाही.

आणि हो, लेबलवर "सावर मॅश" दिसलं तर घाबरू नका. आपण दह्याला विरजण लावतो तसं आधीच्या मॅशचं विरजण नव्या मॅशला लावतात.

---

खडूस_ग्राहक

विरजणाची उपमा सगळीकडे वाचायला मिळते आणि ती चूक आहे. विरजणात जिवंत जंतू असतात आणि तेच काम करतात. सावर मॅशमध्ये जे परत घालतात ते भट्टीतून मद्यार्क काढून झाल्यावर उरलेलं आंबट पाणी. ते उकळून निघालेलं असतं, त्यात जिवंत काहीच नसतं. उपयोग आंबटपणाचा: मॅशचा सामू खाली येतो, यीस्टला ते मानवतं आणि नको ते जंतू वाढत नाहीत. यीस्ट वेगळं घालावंच लागतं. उपमाच द्यायची तर चिंचेच्या कोळाची द्या.

शिवाय सावर मॅश ही बर्बनची अट नाही. जवळजवळ सगळे करतात, इतकंच.

---

क्रॉफर्ड_बाटली

विकत घेताना काय बघायचं ते लिहितो. मुंबईत नकली बर्बन शून्यातून कोणी बनवत नाही, खटाटोप परवडत नाही. होतं ते रिफिल: खरी रिकामी बाटली भंगारातून उचलायची, आत स्वस्त व्हिस्की ओतायची, झाकण नवं बसवायचं. म्हणजे काच आणि लेबल अस्सलच असतं. बघायचं ते झाकणाकडे.

पत्र्याचं फिरकीचं झाकण असेल तर खालच्या कड्याला जोडणारे बारीक सांधे सगळे शाबूत हवेत. नखाने कडं फिरवून बघा. झाकणासकट सैल फिरलं तर ठेवून द्या. बुचाची बाटली असेल तर वरचं प्लास्टिक काचेला घट्ट बसलेलं हवं, त्याखाली गोंदाचा डाग किंवा दुहेरी सुरकुती नको. मेणाचं सील असेल तर मेण काचेला चिकटलेलं हवं, टोपीसारखं उचलून येणारं नको.

मग बाटली उलटी करा. गाळ, तरंगणारे कण नकोत. त्याच दुकानातल्या दुसऱ्या बाटलीशेजारी उभी करून पातळी आणि रंग जुळवा. काचेवर लॉट क्रमांक लेसरने किंवा शाईने छापलेला असतो. तो खरवडलेला असेल तर प्रश्नच मिटला.

मागच्या बाजूला आयातदाराचं नाव-पत्ता, अन्न सुरक्षा परवान्याचा क्रमांक, एमआरपी आणि आरोग्याचा इशारा हवा. हे स्टिकर नसलेली बाटली "ड्यूटी फ्रीची आहे साहेब" म्हणून फोनवर कोणी देत असेल तर नाही म्हणा. विमानतळावरून एका प्रवाशाला दोन लिटरची मुभा असते, ती स्वतःसाठी. तिची विक्री बेकायदा. आणि तक्रार कोणाकडे करणार? बिलच नाही.

भावाचा अंदाजही उपयोगी. बर्बनवरची आयात सीमाशुल्काची एकूण पट्टी फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० वरून १०० टक्क्यांवर आली. कमी झाली म्हणजे फुकट झाली नाही. वर राज्याचे कर आहेतच. दुकानापेक्षा निम्म्या भावात कोणी देत असेल तर आत काय असेल ते समजून घ्या.

बाटली हलवून बुडबुडे बघण्याची पद्धत मात्र सोडून द्या. बुडबुड्यांवरून फार तर ताकदीचा अंदाज येतो. रिफिल ४२.८ टक्क्यांची, खरी ४० ची. बुडबुड्यांना त्यातलं काय कळणार?

घरी आणल्यावरची परीक्षा जास्त भरवशाची: चमचाभर बर्बन स्वच्छ ग्लासात फिरवून ओतून टाका आणि ग्लास रात्रभर उघडा ठेवा. सकाळी खऱ्या बर्बनच्या ग्लासाला लाकूड, व्हॅनिला, किंचित जळका गूळ असा वास राहतो. एसेन्सवाल्या दारूच्या ग्लासाला एक तर काहीच वास नसतो, नाहीतर चिकट गोळीसारखा एकसुरी वास येतो. ग्लास आधी साबणाशिवाय गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर लिंबाच्या साबणाचाच वास येईल.

संपलेली बाटली भंगारात देताना लेबलवर सुरीने दोन रेघा ओढा आणि झाकण चेपून वेगळं टाका.

---

पार्ल्याचा_पेग (धागाकर्ता)

झक्कास माहिती. शेवटचा प्रश्न: ऑनलाइन ओकचे जाळलेले तुकडे मिळतात, पाच लिटरची छोटी पिंपंही मिळतात. देशी व्हिस्कीत तुकडे टाकून महिनाभर ठेवली तर बर्बनच्या जवळ जाईल का?

---

मका_नि_ओक

रंग जवळ जाईल, चव नाही.

पहिलं कारण मूळ दारूच वेगळी आहे: त्यात मक्याची चव नाही, आणि ऊर्ध्वपातनाने पुसून गेलेली चव लाकूड परत आणू शकत नाही. दुसरं, नियमात ओकचं भांडं म्हटलंय. स्टीलच्या पिंपात ओकचे तुकडे टाकून अमेरिकेतही बर्बन म्हणता येत नाही.

तिसरं कारण जास्त रंजक आहे. नेहमीचं पिंप सुमारे २०० लिटरचं. आतून ते ज्वाळेने जाळतात. सगळ्यात गडद, चार नंबरची जळण साधारण ५५ सेकंदांची, आतलं लाकूड मगरीच्या पाठीसारखं तडकतं. वरचा कोळशाचा थर गंधकाचे वास शोषून घेतो. त्यामागच्या तापलेल्या थरात लाकडातल्या साखरेचं कॅरॅमल झालेलं असतं, आणि लिग्निन या लाकडातल्या घटकापासून व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन तयार झालेलं असतं. उन्हाळ्यात दारू फुगून त्या थरात शिरते, हिवाळ्यात बाहेर येते. सोबत फळ्यांतून हवा आत येते आणि वर्षानुवर्षं हळू ऑक्सिडेशन चालतं. तुकडे टाकले की लाकडाचा अर्क आठवड्यात उतरतो, पण हवेचं काम आठवड्यात होत नाही. म्हणून तुकड्यांची दारू आधी गोडसर लागते आणि मागाहून जिभेला कात खाल्ल्यासारखी कोरड पडते.

पाच लिटरच्या पिंपाचं गणित करा: आकारमान चाळीसपट कमी, त्यामुळे दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग सुमारे साडेतीनपट. तीनेक आठवड्यांनी रोज चाखत जा; एक दिवस विसरलात तर फर्निचर पिताय असं वाटेल. मुंबईच्या दमट हवेत पिंपाला बाहेरून बुरशी धरते, रिकामं ठेवलं तर फळ्या आकसून गळतं. आधी दोन दिवस पाणी भरून फुगवून घ्यावं लागतं.

प्रयोग करायचाच तर अर्ध्या लिटरला दोन ग्रॅम तुकडे, काचेची बरणी, पाचव्या दिवशी पहिली चव, गाळताना कॉफीचा कागद. आणि मका आंबवून घरी भट्टी लावायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. आपल्या कायद्यात ती हातभट्टीच, मग मका नेब्रास्काचा असो नाहीतर जळगावचा.

---

दादर_टीटी

आठ वर्षांचं मागे घेतो. पण मग बोरबॉन बिस्किटात यातलं काय असतं?

---

खडूस_ग्राहक

काही नाही. बिस्किट १९१० च्या सुमारास लंडनमध्ये आलं, आणि त्याचं नाव फ्रान्सच्या बुर्बाँ राजघराण्यावरून पडलं. पण चकणा म्हणून एकदा करून बघा: ५० टक्क्यांची राय जास्त असलेली बर्बन, दोन थेंब पाणी, आणि ते बिस्किट. शेव-चिवड्यापेक्षा बरं जातं. चिवड्यातलं मीठ ओकची गोडी मारतं.